हरकत असल्यास कळवावे

क्योतो, ९ सप्टेंबर

चिहारू,

पत्राच्या आरंभी ऋतूविषयी दोन ओळी लिहाव्यात, असं मी अडतीस वर्षं शाळेत शिकवलं. पहिलं पान गळालं, रातकिड्यांचा सूर बदलला, असं काहीतरी. ज्या मुलाने त्या ओळी गाळल्या त्याचं पत्र मी परत करत असे. आज मी त्या मुद्दाम गाळतो आहे. तुझ्या-माझ्यात सध्या ऋतू नाही.

सरळ विचारतो. आपल्या गल्लीच्या देवळीतल्या दगडी जिझोचा चेहरा धुवायचा, हे कोणी ठरवलं?

काल सकाळी गल्लीच्या तोंडाशी तुमच्या महोत्सवाचा जांभळा फलक लागला. चष्मा पुसून दोनदा वाचला. इल्झे नावाची कोणी लॅटव्हियाची कलावंत बाई येणार. ३ ऑक्टोबरला ती आमच्या जिझोचा चेहरा धुऊन काढणार. मग सतरा दिवस रोज सकाळी कोणी एक परका पाहुणा तिकीट काढून येणार, तिथे बसून नवा चेहरा रंगवणार, आणि दुसऱ्या दिवशी तोही धुतला जाणार. सतरा दिवस, सतरा चेहरे. याला तुम्ही कला म्हणता!

दर दोन वर्षांनी शरद आला की तुमचे चाळीस देशांचे कलावंत या शहरात उतरतात. गेल्या खेपेला माझ्या बंद पडलेल्या शाळेत कोणी हजारो छत्र्या उलट्या टांगल्या. ज्या वर्गात मी मुलांकडून कविता पाठ करून घेतल्या, त्याच वर्गात. मी गप्प बसलो. त्याआधी विणकरांच्या रिकाम्या शेडमध्ये एक माणूस बर्फाच्या लादीवर बसून होता, लोक रांग लावून त्याला बघत होते. मी गप्प बसलो. शाळेत मुलं नाहीत, शेडमध्ये माग नाहीत. रिकाम्या घरात कोणी काय टांगावं याला मी काय बोलणार? पण जिझो रिकामा नाही.

त्या दगडावर आत्ता जो चेहरा आहे तो कोणाच्या हातचा, हे त्या बाईला ठाऊक नसेल. तुला आहे.

दर ऑगस्टमध्ये मुलांच्या सणाआधी गल्लीतल्या बाया जिझोला अंघोळ घालत आणि तुझी आई त्याचा चेहरा रंगवत असे. एकतीस वर्षं. सगळ्या गावाच्या मुलाबाळांची राखण करणारा तो जिझो, पण आमच्या गल्लीत त्याला भुवया आणि ओठ द्यायचा मान किनुएचा. दुपारी मागांची खडखड थांबे. मुलं चटईवर गोल बसून ती भली मोठी जपमाळ हातोहात फिरवत, आणि माळ थांबली की मी एकेकाला उभं करून जुन्या कविता म्हणायला लावी. यामामुरांचा थोरला नेहमी शेवटची ओळ आधी म्हणायचा. कलिंगड विहिरीत सोडलेलं असे. दोरी वर ओढताना पाण्याचे थेंब दगडावर पडत आणि…

भरकटलो. राग लिहायला बसलो होतो.

सहा वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमध्ये किनुएने शेवटचा चेहरा रंगवला. नोव्हेंबरात ती गेली. पुढच्या उन्हाळ्यात मी गल्लीला सांगितलं, आता हा चेहरा धुवायचा नाही. तशीही गल्लीत मुलं उरली नव्हती. सगळे हो म्हणाले. देवळीच्या जाळीच्या दाराला कुलूप घातलं, वारा-पावसाचा त्रास नको म्हणून. किल्ली गल्लीप्रमुख नागासेकडे. सणालासुद्धा दार उघडत नाही. फुलं बाहेर, उदबत्ती बाहेर. रोज सकाळी मी जाळीसमोर उभा राहतो, आणि ती आतून माझ्याकडे बघते.

फलकाच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलंय : स्थानिक समन्वय, कुरामोतो चिहारू. सहा वर्षांत बापाच्या उंबऱ्यावर न आलेली मुलगी बापाच्या गल्लीची समन्वयक झाली! अभिनंदन.

३ ऑक्टोबरच्या आत हे थांबव.

कुरामोतो तेइझो


१८ सप्टेंबर

चिहारू,

तुझं उत्तर मिळालं. चार वाक्यं. मोजायला वेळ लागला नाही.

'बाबा, जूनमध्ये गल्लीच्या सूचनांची फिरती पाटी गेली होती. अकराही घरांचे शिक्के आहेत, तुमचाही. प्रत सोबत जोडली आहे. आणि एकदा ते दार उघडून आत बघा.'

शेवटचं वाक्य कोणाच्या परवानगीने लिहिलंस? मी रोज बघतो. तू सहा वर्षं बघितलेलं नाहीस. मला 'बघा' सांगतेस!

आता त्या प्रतीविषयी. गटार सफाईची सूचना, अवजड कचऱ्याचे वार, हरवलेल्या मांजराचं चित्र, आणि सर्वांत खाली तुमचा मजकूर : जिझोचा चेहरा अमुक तारखेला धुतला जाईल, हरकत असल्यास दहा दिवसांत कळवावे. त्याखाली अकरा चौकटी. तिसऱ्या चौकटीत कुरामोतो.

तो शिक्का माझा नाही. माझा असला तरी मी मारलेला नाही. तो वाकडा आहे. मी आयुष्यात वाकडा शिक्का मारलेला नाही, प्रगतिपुस्तकांवरसुद्धा नाही.

शेजारच्या तोमेसानला जाऊन विचारलं. तिचं वय आता एकोणनव्वद, पण जीभ पंचविशीतली. मला बघताच कुंपणावरून सुरू झाली. आपल्या गल्लीत टोमणा मारायचा तर आधी कौतुक करावं लागतं, हे तुला सांगायला नको.

"मास्तर, लेक किती मोठी झाली हो तुमची! आता घरबसल्या जग बघायला मिळणार. आम्हाला कुठलं एवढं भाग्य? आमची मुलं नुसती येऊन-जाऊन असतात."

"तोमेसान, पाटीवर माझा शिक्का तुम्ही मारलात का?"

"अगं बाई! मी? मला माझाच शिक्का सापडत नाही. लोणच्याच्या बरणीमागे ठेवते, आणि मग बरणीच सापडत नाही."

"मग माझ्या चौकटीत आला कसा?"

"चालत आला असेल. तुमच्या घरचा शिक्काही शिकलेला असणार."

तिथून नागासेच्या लाँड्रीत गेलो. तो इस्त्री करत होता. इस्त्री खाली न ठेवताच म्हणाला, "हरकत होती तर कळवायचं होतं, मास्तर. दहा दिवस दिले होते की."

"ती पाटी कोण वाचतं?"

"तेच म्हणतो मी," असं म्हणून त्याने सदरा उलटा केला.

या सगळ्याच्या मागे तू आहेस. तुला माहीत होतं की या गल्लीत ती पाटी कोणी वाचत नाही. दारात उभ्याउभ्या शिक्का मारतात आणि पुढच्या घरी देतात, पाटी आपल्या घरात रात्रभर राहिली तर लोक काय म्हणतील म्हणून. गल्लीची ही खोड तू वापरलीस. आईच्या शेवटच्या आठवड्यातही तू अशीच दुसऱ्या गावी कुठल्याशा उद्घाटनात गुंतली होतीस. तेव्हा आई, आता आईचा चेहरा. तुझ्या कामाला काही पवित्र आहे की नाही?

तेइझो


२७ सप्टेंबर

चिहारू,

तू उत्तर दिलं नाहीस. बरं केलंस.

शिक्का माझाच आहे. लिहून टाकतो, नाहीतर हे पत्र पुढे जाणार नाही.

जूनचा दुसरा आठवडा. पाऊस लागलेला. रेडिओवर जुन्या कवितांचं वाचन चालू होतं. सहावी-सातवीत शिकवायचो त्या कविता. निवेदक एका ठिकाणी चुकीच्या जागी थांबला आणि मी रेडिओला ओरडून सांगत होतो की श्वास इथे नाही, पुढच्या शब्दावर घ्यायचा. तेवढ्यात बेल वाजली. दारात पाटी. शिक्का पायताणांच्या कपाटावरच असतो. तो उचलला, कान घरात, हात दारात. म्हणून वाकडा. पाटी तशीच तोमेसानच्या दारात टेकवून मी धावत परत आलो, तर कविता संपलेली.

आधी वाचा, मग लिहा. हे वाक्य मी फळ्यावर किती वेळा लिहिलं असेन!

तरी स्वस्थ बसलो नाही. दारोदार फिरलो, शिक्के परत घ्या म्हणून. अकरा घरांपैकी चार आता पाहुण्यांची लॉज झाली आहेत. मालक ओसाकात, दाराला आकड्यांचं कुलूप. बेल वाजवली तर एका ऑस्ट्रेलियन जोडप्याने मलाच नकाशा दाखवून वाट विचारली. बाकीचे म्हणाले, "विचार करून सांगतो." या शहरात त्याचा अर्थ काय होतो, ते तुला माहीत आहे. यामामुरांच्या सुनेने चहा देते म्हणून तीनदा सांगितलं आणि एकदाही दिला नाही. नागासे म्हणाला, "मास्तर, अकरातून एक शिक्का गेला तर दहा उरतात. पण जिझो काही अकरा तुकड्यांत धुता येत नाही. तेव्हा तुम्ही म्हणाल तसं. फक्त ते तुम्ही स्वतः म्हणा. मला म्हणायला लावू नका."

हे सगळे मला पेचात पकडायला टपलेले.

परवा ती इल्झे घरी आली. बरोबर दुभाषी मुलगी, तू नाहीस. मला वाटलं होतं, निदान दुभाषी म्हणून तरी तू येशील. ती बाई उंच, केस पिकलेले, हात रंगाऱ्यासारखे चिरलेले. दारात पायताणं काढून तिने ती टोकं बाहेर करून ठेवली, आपल्यासारखी. तेवढ्यानेही मला राग आला.

मी सांगितलं की तो माझ्या बायकोच्या हातचा शेवटचा चेहरा आहे. ती दुभाष्या मुलीशी हळू आवाजात काही बोलली. मग दुभाषी मुलगी म्हणाली, "त्या म्हणतायत, एकाही माणसाने नको म्हटलं तर त्या धुणार नाहीत. महोत्सवाचं काय व्हायचं ते होऊ दे. ३ तारखेला तुम्ही समोर या आणि सांगा."

"सांगणारच."

"त्या विचारतायत, तुम्ही तो चेहरा शेवटचा कधी पाहिलात?"

"रोज पाहतो!"

दोघी एकमेकींकडे बघू लागल्या. मला हे असलं आवडत नाही. माझ्याच घरात माझ्या डोक्यावरून बघायचं. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे हे मी त्यांना सांगितलं नाही. डॉक्टर दोन वर्षं शस्त्रक्रियेसाठी मागे लागलाय, तेही सांगितलं नाही. काय संबंध?

३ तारखेला मी हरकत घेणार. तुझा सतरा दिवसांचा खेळ माझ्या एका शब्दावर बंद होणार आहे, हे तुला आधीच कळावं म्हणून हे पत्र. तुझ्यासारखं बारीक अक्षरांत लिहिलेलं नाही.

बाबा


४ ऑक्टोबर

चिहारू,

काल सकाळी नऊला गल्ली भरलेली होती. तुमच्या महोत्सवाचे गळ्यात पट्ट्या घातलेले लोक, छायाचित्रं घेणारे, लॉजमधले पाहुणे, आणि आपले सगळे. तोमेसानला खुर्ची दिली होती. ती नवीन किमोनोत. मी तिच्याकडे बघितलंही नाही. तू नव्हतीस. कोपऱ्यापर्यंत नजर टाकली, दोनदा.

नागासेने किल्ली काढली. पाच वर्षांत कुलूप गंजलं होतं. त्याने तेलाचा थेंब सोडला, तरी वेळ लागला. इल्झेने बादली खाली ठेवली, गुडघे टेकले. नागासे दार ओढणार, तेवढ्यात मी पुढे झालो आणि वर्गात बोलायचो त्या आवाजात म्हणालो, "माझी हरकत आहे."

इल्झेने दुभाष्या मुलीकडे बघितलंसुद्धा नाही. तिला तो शब्द आधीच शिकवलेला असावा. तिने बादली उचलली आणि दोन पावलं मागे सरकली. गळ्यात पट्टी घातलेला एक माणूस काहीतरी बोलू लागला, तिने हात वर करून त्याला गप्प केलं.

नागासे म्हणाला, "मास्तरांची हरकत आहे. झालं तर मग." आणि अर्धवट उघडलेलं दार तसंच सोडून बाजूला झाला. लावायला माझ्यावर सोपवून.

मी दार लावायला गेलो. तिथे पोचेपर्यंत जिंकलो होतो. दार धरलं, आणि ऑक्टोबरच्या उन्हात पहिल्यांदा आत नीट बघितलं.

चिहारू, तिथे चेहरा नाहीये.

पांढरा रंग खवल्यांसारखा उतरून पायाशी पडलाय. डावा डोळा नाही. उजव्या डोळ्याच्या जागी एक काळी रेघ, ती डोळ्याची की ओलीची कोण जाणे. नाकापासून खाली हिरवं शेवाळ. ओठांच्या एका कोपऱ्यात तांदळाच्या दाण्याएवढा लाल रंग, बस. वरचं कौल सरकलंय. दोन वर्षांपूर्वीच्या वादळात सरकलं असणार. तेव्हापासून पाणी थेट डोक्यावर. आणि मी रोज सकाळी त्या जाळीतून, त्या अंधारात, या अर्ध्या डोळ्यांनी किनुएला बघत होतो. तिला नमस्कार करून घरी येत होतो, आणि तिने काय उत्तर दिलं हेही कधीकधी ठरवत होतो.

मी तोमेसानकडे वळलो. "तुम्हाला माहीत होतं?"

"सगळ्यांना माहीत होतं, मास्तर. फुलं मी बदलते ना."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही इतके छान हात जोडायचात. कोण बोलणार?"

मी ओरडलो तिच्यावर. एकोणनव्वद वर्षांच्या बाईवर, नवीन किमोनोतल्या, चाळीस देशांसमोर. म्हणालो की या गल्लीतला एकही माणूस सरळ बोलत नाही, तुम्ही लोक माणसाला डोळ्यांदेखत खड्ड्यात जाऊ द्याल आणि वर म्हणाल किती सुंदर चालता. तिने सगळं ऐकून घेतलं. मग, माझ्या ओळखीच्या साठ वर्षांत पहिल्यांदा, कौतुकाशिवाय बोलली.

"किनुए दर वर्षी स्वतःच्या हाताने पुसायची तो चेहरा. आदल्या वर्षीचा तिने एकदाही ठेवला नाही. म्हणायची, मुलं वाढतात, याचा चेहरा तोच कसा राहील? ठेवलात तो तुम्ही."

राग मात्र गेला नाही. कोणावर धरायचा ते कळेना, एवढंच. मी इल्झेपुढे हात केला. तिने बादली दिली, काथ्या दिला. मी गुडघ्यांवर बसलो. गुडघे वाजले तसे लॉजमधले पाहुणे हळहळले. शेवाळ आधी निघालं. पांढरं नुसत्या पाण्यानेच गेलं. तो लाल दाणा शेवटपर्यंत राहिला. मी जोर लावून घासला. गेला.

इल्झेने ओल्या दगडाशेजारी रंग मांडले आणि ब्रश माझ्या हातात दिला. दुभाषी मुलगी म्हणाली, "पहिला चेहरा तुमचा."

मी ब्रश भिजवला. भुवई कशी काढायची? सरळ, की कमानीची? किनुए ओठ मिटलेले काढायची की किंचित उघडे? मी एकतीस वर्षं हातभर अंतरावर बसलेलो होतो. माझं लक्ष मुलांच्या तोंडाकडे. कोण ओळ चुकतो, कोण श्वास कुठे घेतो. मला शेकडो कविता पाठ आहेत. यामामुरांचा थोरला कुठल्या शब्दावर अडायचा तेही पाठ आहे. तिच्या हातचा एकही चेहरा मला पाठ नाही. ब्रशमधला रंग गुडघ्यावर गळून पसरला तरी मी तसाच बसलेला. शेवटी ब्रश परत दिला.

आता दुसरी गोष्ट. तीही इथेच लिहितो.

त्या नोव्हेंबरात मी तुला फोन केला नव्हता. अंत्यविधीला सगळ्या नातेवाइकांना मी सांगितलं की कळवलं होतं, पण तिला उद्घाटन सोडवेना. तू तिथेच उभी होतीस, काळ्या कपड्यांत, आणि एक शब्द बोलली नाहीस. किनुए मला रोज म्हणायची, "चिहारूला बोलवा." मी म्हणायचो, बोलावलंय, गाडीचं तिकीट मिळत नाहीये. मला खरंच वाटत होतं की ती बरी होईल. आणि मग तू चिडशील, उगाच बोलावलंत म्हणशील. तुझ्या त्या एका वाक्याची मला भीती वाटली. म्हणून तिला तुझ्याविना जाऊ दिलं, आणि नंतर तुझ्यावर ढकललं. गेल्या महिन्यातल्या पत्रातसुद्धा ढकललं. सहा वर्षं तू माझ्या दारात का आली नाहीस हे मी लोकांना सांगताना हसत असे : मोठी माणसं, मोठी कामं.

माफी मागण्याचा एक नमुना मी दहावीच्या पुस्तकातून शिकवायचो. तो इथे लागू पडत नाही.

आणि तरीही मी चिडलेलो आहे, हे नीट समजून घे. तुला माहीत होतं आत काय उरलंय. कधी बघितलंस ते मला माहीत नाही. माझ्या दारावरून गेल्याशिवाय देवळीशी पोचता येत नाही, एवढं माहीत आहे. मग पाटीच्या तळाशी बारीक अक्षरांत कशाला लिहिलंस? 'आत बघा' असं टपालाने कशाला पाठवलंस? बेल वाजवायची. कॉलर धरून ओढत न्यायचं. म्हातारा शिव्या देईल, दिल्या तर ऐकायच्या. तूही या गल्लीचीच निघालीस.

दगड सध्या कोरा आहे. तुमचे पाहुणे आज दिवसभर रांग लावून कोरा दगड बघत होते आणि एकमेकांना त्याचा अर्थ सांगत होते. एक जण रडला म्हणे. नागासे लाँड्री बंद करून बघायला बसला होता. कौल मात्र त्याने सकाळीच बसवून टाकलं, मला न विचारता.

इल्झेला मी सांगितलंय, मंगळवारपर्यंत कोणालाही ब्रश द्यायचा नाही. ती तयार आहे. मंगळवारनंतर तो पाहुण्यांचा, सतराचे तेरा-चौदा चेहरे झाले तर तुमचा महोत्सव बुडणार नाही. तू तिसरीत जाईपर्यंत दर ऑगस्टला आईच्या कोपराला चिकटून बसायचीस, कविता म्हणायला बोलावलं तरी उठायची नाहीस, आणि त्यासाठी मी तुला शिक्षा करायचो. तेव्हा भुवया तू बघितल्या आहेस. ओठही.

मंगळवारी सकाळी ये. मी दारातच ओरडायला सुरुवात करणार आहे, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल इतकं, तोमेसान खुर्ची घेऊन बाहेर येईल. माझं संपेपर्यंत उभी राहा. मग तुझं सुरू कर. मी उभा राहीन.

बाबा